सॉफ्टवेअरची साधने राखणाऱ्यांचे काम मोजले जावे

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

अभियांत्रिकीची प्रवेशप्रक्रिया सुरू झाली की वृत्तपत्रांच्या शिक्षणविषयक पानांवर संगणक शाखेबद्दल भरपूर मजकूर प्रसिद्ध होतो. कोणत्या महाविद्यालयात किती लाखांचे पॅकेज मिळाले, कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कोणत्या नोकऱ्यांवर गदा येईल, कोणता अभ्यासक्रम केल्यास मुलांचा निभाव लागेल, याची चर्चा त्यात असते आणि पालकांच्या दृष्टीने ती आवश्यकही आहे. मात्र संगणक अभियंत्याच्या एका कामाचा उल्लेख या चर्चेत मला क्वचितच आढळतो. इतर प्रोग्रॅमर ज्या साधनांनी प्रोग्रॅम लिहितात, तपासतात आणि दुरुस्त करतात, ती साधने घडवण्याचे व राखण्याचे ते काम. मी पुण्यात बऱ्याच वर्षांपासून याच क्षेत्रात, मुख्यतः कंपायलर आणि डीबगर यांवर, नोकरी करतो आहे. या साधनांची देखभाल, विशेषतः ओपन सोर्स प्रकल्पांतील देखभाल, आपल्याकडे गुणपत्रिकेत, अप्रेझलमध्ये किंवा नोकरीच्या करारात कुठेही काम म्हणून मोजली जात नाही, आणि जोवर ती मोजली जात नाही तोवर महाराष्ट्रात संगणक अभियंते कितीही तयार झाले तरी या विद्येत आपण इतरांच्या श्रमांवरच विसंबून राहू, हे मला या पत्रातून सांगायचे आहे.

सर्वसामान्य वाचकांसाठी थोडा खुलासा करणे भाग आहे. प्रोग्रॅमर जे लिहितो ते माणसाला वाचता येईल अशा भाषेत असते. प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांत त्याचे रूपांतर कंपायलर करतो. निरनिराळ्या फायलींतून तयार झालेले तुकडे लिंकर जोडतो. प्रोग्रॅम चुकला तर तो मध्येच थांबवून कोणत्या ओळीवर कोणत्या व्हेरिएबलची, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या मूल्याची, किंमत काय होती हे डीबगर दाखवतो. एकाच प्रकल्पात शेकडो जणांनी केलेले बदल कोणी, केव्हा आणि कशासाठी केले याची नोंद गिटसारखी प्रणाली ठेवते. बँकेचे अ‍ॅप असो, रेल्वेचे आरक्षण असो किंवा मोटारीतील ब्रेकचे नियंत्रण असो, कोणतेही सॉफ्टवेअर अशा साधनांतून गेल्याशिवाय वापरात येत नाही. यांपैकी बहुतेक महत्त्वाची साधने ओपन सोर्स आहेत, म्हणजे त्यांचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी हा कंपायलर १९८७ साली प्रसिद्ध केला आणि तो आजही यंत्रांत बसवल्या जाणाऱ्या लहानशा मायक्रोकंट्रोलर चिपपासून महासंगणकापर्यंत सर्वत्र वापरला जातो. लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या विकासासाठी वापरात असलेल्या बिटकीपर या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीचा विनामूल्य परवाना बंद झाला, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्याची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवली. गिटच्या जन्माची हकिगत आमच्या क्षेत्रातील बहुतेकांना ठाऊक असते. त्यानंतरची वीसहून अधिक वर्षे, आलेले बदल तपासून ते घ्यायचे की परत पाठवायचे हे ठरवत बसलेल्या हमानो यांचे नाव मी मुलाखतीला येणाऱ्या उमेदवारांना विचारतो, तेव्हा ते बहुधा कोणाला सांगता येत नाही.

मराठी वाचकांच्या रोजच्या उपयोगातले उदाहरण द्यायचे तर मोबाइलवर दिसणाऱ्या देवनागरी अक्षरांचे देता येईल. ‘दऱ्या’ या शब्दातला र आणि ‘सूर्या’ या शब्दातला र पडद्यावर वेगळा दिसावा लागतो, जोडाक्षरे फुटू नयेत, वेलांटी योग्य जागी बसावी, यासाठी अक्षरांची मांडणी करणारी हार्फबझ नावाची ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड, अँड्रॉइडमध्ये आणि क्रोम व फायरफॉक्स या ब्राउझरांमध्ये आहे. आपला मजकूर तिच्यातून गेल्यावरच लाखो मराठी माणसे तो फोनवर वाचू शकतात. तिची देखभाल थांबली तर काय होईल, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या कोणत्याही विद्यापीठाच्या किंवा शासकीय खात्याच्या विषयपत्रिकेवर असल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

या विद्येशी महाराष्ट्राचा संबंधच नाही, असे मुळीच नाही. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभे राहिले आणि लाखो ओळींच्या त्या कंपायलरची अंतर्रचना समजावून देणाऱ्या कार्यशाळा तेथे विद्यार्थ्यांसाठी व अध्यापकांसाठी घेतल्या गेल्या. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने जपानच्या रेनेसासच्या एसएच आणि एच८ या मायक्रोकंट्रोलरांसाठी, जीसीसी ज्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा भाग आहे त्या जीएनयूची साधने तयार करून जगभरातील अभियंत्यांना विनामूल्य दिली. रेड हॅटच्या पुण्यातील कार्यालयात देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांच्या लोहित फाँटवर काम झाले. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने ईआरपीनेक्स्ट हे उद्योगव्यवहाराचे सॉफ्टवेअर संपूर्ण खुले ठेवून त्यावर आपला व्यवसाय उभा केला. म्हणजे येथे बुद्धी नव्हती किंवा संधी नव्हती, असे म्हणता येत नाही. मात्र ही कामे त्या त्या व्यक्तीच्या ध्यासावर किंवा एखाद्या कंपनीच्या त्या वेळच्या गरजेवर उभी राहिली. ध्यास घेतलेली माणसे निवृत्त झाली, कंपनीचा ग्राहक बदलला, की पुढच्या पिढीकडे ते काम सोपवण्याची व्यवस्था आपल्याकडे तयार झालेली नसते, आणि पुण्यासारख्या शहरात जीसीसीच्या आतल्या रचनेवर अधिकाराने बोलू शकेल असा तरुण अभियंता शोधायला आम्हाला आज महिने लागतात.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते सांगितल्याशिवाय माझा आग्रह वाचकांना पटणार नाही, म्हणून एक प्रसंग थोडा सविस्तर मांडतो. एका लहान मायक्रोकंट्रोलरवर मोटारची गती नियंत्रित करणारा प्रोग्रॅम आमचा ग्राहक तपासत होता. प्रोग्रॅम चालत होता बिनचूक. परंतु डीबगरमध्ये थांबवून पाहिले की गतीची जुनीच किंमत दिसायची. ग्राहकाच्या अभियंत्यांनी त्या किमतीवर विश्वास ठेवून आपल्या बरोबर असलेल्या कोडमध्ये चुका शोधण्यात बराच काळ घालवला होता. प्रथमदर्शनी दोष डीबगरचा वाटत होता. शोध घेतला तेव्हा तो कंपायलरमध्ये निघाला. प्रोग्रॅम वेगवान करण्यासाठी कंपायलर एखादे व्हेरिएबल काही काळ एका रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवणजागेत, ठेवतो, नंतर ते हलवतो आणि कोणत्या सूचनेपासून कोणत्या सूचनेपर्यंत ते कुठे होते याची यादी डीबगरसाठी लिहून ठेवतो. त्या यादीतील एका टप्प्याची शेवटची सीमा एका सूचनेने पुढे गेली होती. त्यामुळे रजिस्टरचा ताबा दुसऱ्या कामासाठी सुटल्यानंतरही डीबगर त्याच जागी जुनी किंमत वाचत होता.

दुरुस्ती अवघ्या काही ओळींची होती. त्या ओळी योग्य आहेत हे दाखवणे मात्र फार मोठे काम होते. ग्राहकाच्या हजारो ओळींच्या प्रोग्रॅममधून दोष दाखवणारा वीसेक ओळींचा लहान नमुना वेगळा काढावा लागला, तो कंपायलरच्या चाचणीसंचात बसवावा लागला, बदलाच्या आधी आणि नंतर संपूर्ण चाचणीसंच चालवून निकाल ताडून पाहावे लागले, आणि मग हे सारे स्पष्टीकरणासह प्रकल्पाकडे पाठवावे लागले. दुसऱ्या देशातल्या एका ज्येष्ठ मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प राखणाऱ्या अभियंत्याने, ते वाचून दोन शंका काढल्या. त्यांतील एक अशी होती की दुसऱ्या एका प्रोसेसरवर, जेथे शाखांतराच्या, म्हणजे प्रोग्रॅमला दुसरीकडे वळवणाऱ्या, सूचनेनंतरची एक सूचना आधीच अमलात येते, तेथे हा बदल बरोबर ठरेल का. ती शंका माझ्या मनात येण्याचे कारणच नव्हते, कारण तो प्रोसेसर मी कधी हाताळला नव्हता. कोणतेही शुल्क न घेता, ओळख नसलेल्या माणसाचा बदल इतक्या बारकाईने वाचणारा गुरू मला कोणत्याही महाविद्यालयात किंवा कंपनीत भेटला नसता, असे मी मनापासून मानतो. या क्षेत्रातली खरी शिकवणी ती असते आणि ती सार्वजनिक असल्याने तिचा लाभ पुढे कित्येकांना होतो.

त्यानंतर जे घडले त्याने मला आजही वाईट वाटते. त्या काळी जीसीसीमध्ये बदल स्वीकारला जाण्यासाठी त्याचे कॉपीराइट जीसीसीमागची संस्था असलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे सुपूर्द करावे लागत असे आणि नोकरदार माणसाच्या बाबतीत त्याच्या कंपनीचीही लेखी संमती लागत असे. तांत्रिक तपासणी पूर्ण झाली होती. फक्त कंपनीची सही हवी होती. आमच्या तेव्हाच्या कंपनीच्या विधी विभागाकडे तो कागद गेला, तेथून व्यवस्थापनाकडे गेला, परत विधी विभागाकडे आला. आपण केलेले काम बाहेर फुकट का द्यायचे, या एका प्रश्नावर तो अडून राहिला. वास्तविक त्या न दिलेल्या सहीची किंमत कंपनीच मोजत होती, कारण जीसीसीची प्रत्येक नवी आवृत्ती आली की आमची दुरुस्ती तिच्यात हाताने पुन्हा बसवायची, पुन्हा साऱ्या चाचण्या चालवायच्या आणि आजूबाजूचा कोड बदललेला असेल तर ती नव्याने लिहायची, हे काम आमच्या गटाच्या मागे लागले होते. वर्ष उलटून गेल्यावर दुसऱ्याच कोणाला तो दोष सापडला, त्याने तो आपल्या पद्धतीने दुरुस्त केला आणि आम्ही आमचे काम बाजूला ठेवून दिले. त्या वर्षाच्या अप्रेझलमध्ये या कामासाठी रकानाच नव्हता. नवे वैशिष्ट्य किती दिले आणि ग्राहकाकडे किती तासांचे बिल लागले, एवढेच तेथे विचारलेले होते.

ही एका कंपनीची तक्रार म्हणून मी लिहीत नाही. आपल्याकडच्या अनेक कंपन्यांच्या नियुक्तिपत्रांत असे कलम असते की नोकरीच्या काळात कर्मचाऱ्याने जे काही निर्माण केले, मग ते सुटीच्या दिवशी स्वतःच्या संगणकावर का केलेले असेना, ते कंपनीचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे १७ वे कलम नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नियोक्ता असतो असे सांगते आणि त्यात काही गैर नाही. परंतु कायद्याने ‘नोकरीच्या ओघात’ अशी जी मर्यादा घातली आहे ती करारात पुसून टाकली जाते. महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला मुलगा किंवा मुलगी असे कलम वाचून एक तर ओपन सोर्सचे काम सोडून देते किंवा ते लपूनछपून करते, आणि दोन्ही गोष्टी वाईट आहेत.

देखभालीकडे दुर्लक्ष झाल्यावर काय होते याचा जगाला आलेला अनुभव फार जुना नाही. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केले की लिनक्सच्या अनेक वितरणांत, म्हणजे वापरासाठी तयार करून दिलेल्या रूपांत, वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड या डेटा-संकुचनाच्या संचात, त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये, दूरच्या यंत्रांचा ताबा मिळवून देणारी चोरवाट पेरलेली आहे. हा प्रकल्प वर्षानुवर्षे एकच माणूस, विनामोबदला, सांभाळत होता. २०२२ मध्ये अनोळखी नावांनी त्याच्यावर दबाव आणला गेला की बदल फार हळू घेतले जातात, दुसऱ्या कोणाला तरी अधिकार द्या; तेव्हा आपल्या मनःस्वास्थ्याच्या अडचणी सांगून त्याने हेही निदर्शनास आणले होते की हे बिनपगारी काम आहे. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ उपयोगी बदल पाठवून त्याचा विश्वास मिळवला आणि शेवटी ही चोरवाट चाचणीच्या फायलींमध्ये दडवली. ती जागी करणारी बिल्डची, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करण्याच्या प्रक्रियेतली, सूचना गिटमधील कोडमध्ये नव्हती; ती फक्त प्रकाशित केलेल्या संचात होती. म्हणजे हल्ला झाला तो थकलेल्या माणसावर आणि आम्ही ज्याला बिल्ड-यंत्रणा म्हणतो त्या, कोणी सहसा न वाचणाऱ्या भागावर.

फ्रॉइंड यांच्या लक्षात हे कसे आले, तो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. ते सुरक्षातज्ज्ञ म्हणून हे शोधायला निघाले नव्हते. ते पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करतात आणि त्याच्या वेगाची मोजमापे घेत असताना त्यांना दिसले की दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या एसएसएचने लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे आणि प्रोसेसर अकारण राबतो आहे. त्याआधी व्हॅलग्राइंड या स्मृतिदोष शोधणाऱ्या साधनाने दिलेल्या काही विचित्र तक्रारीही त्यांना आठवत होत्या. अर्ध्या सेकंदाचा हिशेब लागत नाही म्हणून प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो हे दाखवणारा प्रोफाइलर लावून तळापर्यंत जाणारा माणूस साधनांवर प्रभुत्व असल्याशिवाय तयार होत नाही, आणि ओपन सोर्स प्रकल्पावर काम करण्यासाठीच त्याला मायक्रोसॉफ्टमध्ये पगार मिळत होता, ही गोष्टही नोंदवायला हवी. त्या कंपनीने ते काम ‘बाहेरचे’ मानले असते तर चोरवाट कदाचित कोट्यवधी यंत्रांपर्यंत पोहोचली असती. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्प्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या, संगणकशास्त्रातील ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात कंपायलरमध्येच चोरवाट लपवता येते आणि मग मूळ कोड कितीही वाचला तरी ती सापडत नाही, हे दाखवून दिले होते. धोका इतका जुना आणि माहितीतला असूनही त्यावर पहारा ठेवणाऱ्यांच्या पोटापाण्याचा विचार आपण केलेला नाही.

पैशांचा मुद्दा येथे टाळता येत नाही. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड हा दोष उघडकीस आला तेव्हा जगातील बहुतांश सुरक्षित संकेतस्थळांचा आधार असलेल्या, आणि हा दोष ज्याच्या कोडमध्ये होता त्या, ओपनएसएसएल प्रकल्पाला वर्षाकाठी साधारण २,००० डॉलर देणग्या मिळत होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी निधी उभारला. जर्मनीने २०२२ पासून अशा पायाभूत प्रकल्पांच्या देखभालीसाठी सरकारी निधी सुरू केला. आपल्या देशात झिरोधा कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जगभरातील ओपन सोर्स प्रकल्पांना वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत मदत देणारा निधी जाहीर केला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण आपल्या आयटी उद्योगाचा आकार पाहता अशी उदाहरणे बोटावर मोजण्याइतकीच आहेत. केंद्र सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामात ओपन सोर्स सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण आणले, परंतु त्याचा भर वापरावर आहे. महाराष्ट्र शासन आणि त्याची माहिती-तंत्रज्ञान कंपनी महाआयटी यांच्या निविदांत एवढी एक अट घातली तरी फार मोठा फरक पडेल की कंत्राटदाराला काम करताना एखाद्या ओपन सोर्स घटकात दोष आढळला आणि त्याने तो दुरुस्त केला, तर ती दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवणे हा कामाचाच भाग समजला जाईल व त्याचे पैसे मिळतील. चिपनिर्मितीच्या संदर्भातही हा विचार व्हायला हवा. डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांची सेमीकंडक्टर योजना मंजूर झाली, आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे देशी प्रोसेसर तयार झाले. पण कंपायलर आणि डीबगर नसलेला प्रोसेसर कोणाच्याही उपयोगाचा नसतो, आणि ती साधने राखणारी माणसे पाच-दहा वर्षे त्याच कामात मुरल्याशिवाय तयार होत नाहीत.

आता महाविद्यालयांविषयी. ओपन सोर्सचे नाव हल्ली विद्यार्थ्यांच्या तोंडी असते, परंतु ते बायोडेटात एक ओळ वाढवण्यासाठी. ऑक्टोबर २०२० मध्ये एका उपक्रमात टी-शर्ट मिळत असे म्हणून अनेक प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पाऊस पडला आणि आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावे लागले. २०२४ च्या सुरुवातीला, एका भारतीय शिकवणी-व्हिडिओतले प्रात्यक्षिक पाहून, शेकडो विद्यार्थ्यांनी एक्स्प्रेस या जगप्रसिद्ध प्रकल्पाच्या माहिती-फायलीत स्वतःचे नाव घालण्याच्या विनंत्या पाठवल्या. त्या मुलांचा मला राग येत नाही. बदल म्हणजे काय, तो कोण वाचतो, त्याला किती वेळ लागतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. गिटहब या कोड ठेवण्याच्या मंचाच्या २०२४ च्या अहवालाचा अंदाज असा की २०२८ पर्यंत त्या मंचावर सर्वाधिक प्रोग्रॅमर भारताचे असतील. संख्या इतकी मोठी होणार असेल तर या शिष्टाचाराचे शिक्षण देण्याची जबाबदारीही तितकीच मोठी आहे. त्यातच आता कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेले, वरवर पाहता सफाईदार पण आतून पोकळ असे दोष-अहवाल प्रकल्पांकडे येऊ लागले आहेत. कर्ल या साधनाचे जनक डॅनियल स्टेनबर्ग यांनी त्याबद्दल जाहीरपणे नाराजी मांडली आहे. कोड लिहिणे स्वस्त होत जाईल तसतसे तो वाचून नाकारण्याचे धैर्य आणि ज्ञान असलेला माणूस अधिक मोलाचा ठरणार आहे, आणि हे ज्ञान देखभालीच्या कामातूनच येते.

यावर उपाय अभ्यासक्रमातच आहे. अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला आपल्या विद्यापीठांत भरघोस श्रेयांक असतात आणि त्यासाठी तयार प्रकल्प, अहवालासकट, विकत मिळतात, हे पुण्यात कोणापासून लपलेले नाही. त्याऐवजी विद्यार्थ्याला एखाद्या चालू असलेल्या ओपन सोर्स प्रकल्पात वर्षभर काम करण्याचा पर्याय द्यावा: आलेल्या दोषांची खातरजमा करणे, ते पुन्हा घडवून दाखवणारा लहान नमुना तयार करणे, चाचण्या लिहिणे, दस्तऐवज सुधारणे आणि मग एखादी दुरुस्ती. गुण देताना स्वीकारल्या गेलेल्या बदलांची संख्या मोजू नये, कारण संख्या मोजली की पुन्हा नावे घुसवण्याचा प्रकार सुरू होईल. मेंटेनरने काढलेल्या शंकांना विद्यार्थ्याने काय उत्तरे दिली आणि त्यातून बदल कसा सुधारत गेला, हे परीक्षकाने वाचावे. तो सारा संवाद तारीखवार उघड असतो आणि तो विकत आणता येत नाही. गुगलचा समर ऑफ कोड हा उपक्रम २००५ पासून असे काम मानधन देऊन करून घेतो आणि त्यात भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने निवडले जातात, म्हणजे आपली मुले हे करू शकतात याबद्दल शंका नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आणि मुंबई विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांनी या पर्यायाचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे. मूल्यमापन कसे करावे याबद्दल अध्यापकांना अडचण वाटत असेल तर या क्षेत्रातील अनेक अभियंते बाह्यपरीक्षक म्हणून आनंदाने येतील.

कंपन्यांच्या बाबतीत मात्र विनंतीच्या पलीकडे जाऊन काही ठोस व्हायला हवे. जीसीसीने जून २०२१ पासून कॉपीराइट सुपूर्द करण्याची सक्ती काढून टाकली आणि बदल पाठवणाऱ्याने तो पाठवण्याचा आपल्याला अधिकार आहे अशी सहीनिशी ग्वाही देण्याचा, लिनक्समध्ये २००४ पासून रूढ झालेला मार्ग खुला केला. त्यामुळे कागदांची ये-जा संपली. पण ती ग्वाही खरी ठरायची तर नोकरीच्या करारात तसा अधिकार दिलेला असावा लागतो. म्हणून मराठा चेंबर ऑफ कॉमर्स आणि नॅसकॉम या संस्थांनी विधिज्ञांच्या मदतीने एक नमुना कलम तयार करावे. कामाच्या वेळेबाहेर, कंपनीची गोपनीय माहिती न वापरता केलेले ओपन सोर्स काम कर्मचाऱ्याचे राहील. कामाच्या ओघात ओपन सोर्स साधनांत केलेली दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवण्यास ठरावीक मुदतीत संमती दिली जाईल आणि मुदत उलटल्यास ती दिली असे समजले जाईल. आणि या कामाचे तास वार्षिक मूल्यमापनात धरले जातील, एवढ्या तीन गोष्टी त्यात असाव्यात. लहान कंपन्यांकडे स्वतंत्र विधी विभाग नसतो, त्यांना तयार मसुदा मिळाला तर तो वापरण्यात त्यांची अडचण नसावी. मोठ्या कंपन्यांनी तो स्वीकारला नाही, तर का स्वीकारला नाही हे त्यांनी लेखी सांगावे.

आपला विश्वासू,
एक सॉफ्टवेअर अभियंता,
पुणे